आरशात हिरवा किंवा निळा दिवा दिसला तर: व्हॉलंटियर फायरफायटरच्या गाडीला वाट कशी द्यायची

दिवेलागणीची वेळ, दुपदरी रस्ता आणि मागे एक साधी पिकअप. सायरन नाही, छतावर दिव्यांची पट्टी नाही, दारावर कुठलं नाव नाही. फक्त पुढच्या काचेमागे डॅशबोर्डवर एक हिरवा ठिपका सेकंदाला एक-दोनदा चमकतोय. हेडलाइटच्या झोतात तो जवळजवळ बुडून जातो, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की कुणीतरी हौसेने काहीतरी लावलंय. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात असा दिवा दिसला, तर गाडीतला माणूस व्हॉलंटियर फायरफायटर किंवा व्हॉलंटियर वैद्यकीय मदतनीस असतो, आणि त्याला आत्ता, या क्षणी, बोलावणं आलेलं असतं.

भारतातून अमेरिकेत किंवा कॅनडात आलेल्यांना ही व्यवस्थाच मुळात नवी वाटते. आपल्या डोक्यात फायर ब्रिगेड म्हणजे पगारी जवान आणि स्टेशनात तयार उभा बंब. इथे मोठ्या शहरांत तसं आहेच, पण शहराबाहेर पडलं की चित्र पालटतं. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या सुमारे १०,४१,००० फायरफायटरांपैकी ६,७७,००० च्या आसपास, म्हणजे ६५ टक्के, व्हॉलंटियर होते. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर नासाऊ आणि सफोक या दोन्ही काउंट्यांचा बहुतेक भार त्यांच्यावरच आहे. प्रथाही जुनी आहे: बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी उभी केली ती १७३६ मध्ये, आणि तीही स्वयंसेवकांचीच होती.

हे लोक आपापल्या घरी किंवा नोकरीवर असतात. पेजर वाजतो किंवा फोनवर सूचना येते, हातातलं काम टाकून ते स्वतःच्या गाडीने निघतात. बहुतेक जण आधी फायर हॉलला, म्हणजे फायर स्टेशनला, जातात आणि तिथून बंब घेऊन निघतात. काही जण गिअर डिकीत ठेवून थेट घटनास्थळ गाठतात.

त्या एका गाडीने काय फरक पडतो?

बंब एका माणसावर निघत नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमानुसार धुराने भरलेल्या इमारतीत दोन जण आत जायचे, तर दोन जण पूर्ण तयारीने बाहेर उभे हवेत. कुणाचा जीव वाचवण्यासाठी तातडीने आत शिरावं लागलं तरच याला अपवाद. म्हणजे किमान चार. विरळ वस्तीच्या भागासाठी एनएफपीए १७२० या मानकाचं लक्ष्य आहे की बोलावणं आल्यापासून १४ मिनिटांत ६ जण घटनास्थळी पोहोचावेत, आणि तेही १०० पैकी ८० वेळा. तुमच्या मागची पिकअप ही त्या चारातली चौथी असू शकते. तिघे हॉलवर बूट चढवून बसलेले आणि चौथा तुमच्या मागे अडकलेला.

हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तुम्ही निवांत ६० ने चाललात आणि मागच्याला ५ किलोमीटर ओव्हरटेकची संधी मिळाली नाही, तर त्याची ७५ सेकंदं गेली. आजच्या फोमच्या सोफ्यांनी आणि कृत्रिम कापडांनी भरलेल्या खोलीत आग लागली, तर अख्खी खोली एकदम पेट घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत, हे चाचण्यांमध्ये दिसलेलं आहे. त्यात सव्वा मिनिट म्हणजे बरंच झालं.

कायदा काय म्हणतो

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. लाल दिवे आणि सायरनवाला बंब आला की उजव्या कडेला जाऊन थांबणं हा कायदा आहे. मोडलात तर दंड. ओंटारियोतला हिरवा दिवा आणि न्यूयॉर्कमधला निळा दिवा यांची गोष्ट वेगळी. त्या गाड्या कायद्याने इमर्जन्सी वाहनं ठरत नाहीत. त्यांच्या चालकांना वेगमर्यादा, स्टॉप साइन, लाल सिग्नल, सगळं तुमच्याआमच्यासारखंच पाळावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये तो निळा दिवा लावायलाही फायर डिपार्टमेंटच्या चीफची लेखी परवानगी लागते, आणि तो चालू ठेवायचा तोही फक्त कॉलवर जाताना. थोडक्यात, तो दिवा तुम्हाला हुकूम देत नाही, विनंती करतो. ओंटारियोचं ड्रायव्हर हँडबुक याच भाषेत सांगतं की कृपया वाट द्या. न्यूयॉर्कचं मॅन्युअलही याला सौजन्यच म्हणतं.

म्हणून पहिला नियम असा धरा: वाट द्या, पण त्यासाठी स्वतः कुठलाही नियम मोडू नका. जे तुम्ही एरवी कायद्यात राहून करू शकता तेवढंच करा, फक्त लवकर आणि समोरच्याला कळेल असं करा.

रंगांचा घोळ

रंग राज्यागणिक बदलतात, आणि ही बाब वरवरची नाही. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये निळा दिवा व्हॉलंटियर फायरफायटरचा आणि हिरवा व्हॉलंटियर ॲम्ब्युलन्सवाल्यांचा. इंडियानातही फायरवाल्यांचा निळाच. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातही निळा. वर मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्सकडे गेलात की लाल. ओंटारियोत हिरवा, आणि तिथे लुकलुकणारा निळा दिवा बर्फ काढणाऱ्या गाड्यांवर असतो. (ओंटारियोतच सिग्नलच्या खांबावर लुकलुकणारा हिरवा दिसला तर त्याचा अर्थ डावीकडे वळणाऱ्यांना आधी जायची मुभा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण नवखा माणूस एकदा तरी गोंधळतो.)

बऱ्याच राज्यांत निळा म्हणजे पोलीस. तेव्हा राज्याची हद्द ओलांडून प्रवास करत असाल, तर पाठांतराच्या भरवशावर राहू नका. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी भागतं:

लाल दिवा असेल, सायरन असो वा नसो, तर इमर्जन्सी वाहन समजा, उजवीकडे घ्या आणि थांबा.

निळा असेल आणि पोलीस की व्हॉलंटियर हे कळत नसेल, तर पोलीस समजा आणि तेच करा. व्हॉलंटियर असेल तर तो पुढे निघून जाईल. तुमचं नुकसान अर्ध्या मिनिटाचं.

व्हॉलंटियर तुम्हाला कधीही अडवत नाही. त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त पुढे जायचं असतं. दिवा लावलेली साधी गाडी तुम्ही कडेला घेतल्यावर तुमच्याच मागे येऊन थांबली, तर ते पोलीस आहेत किंवा काहीतरी गडबड आहे. रात्री, सुनसान जागी शंका आली तर हॅझर्ड लावा, वेग कमी ठेवा, उजेडाच्या, वर्दळीच्या ठिकाणापर्यंत जा आणि ९११ वर विचारून घ्या.

दुपदरी रस्ता: इथेच खरी कसोटी

खेड्यापाड्यातले रस्ते दुपदरी, आणि व्हॉलंटियरही तिथेच जास्त, त्यामुळे हा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे.

दिवा दिसला की सर्वांत आधी काय करायचं नाही ते: ब्रेकवर पाय दाबायचा नाही. मागचा माणूस घाईत आहे, कदाचित गरजेपेक्षा जवळ आहे, आणि त्याचा एक कान रेडिओवर आहे. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तुमचे ब्रेक लाइट लागल्यापासून त्याचा पाय हलेपर्यंत दीड सेकंद धरलं, तर त्याने ३३ मीटर आधीच खाल्ले. व्हॉलंटियरला वाट देताना त्याच्याकडूनच मागून ठोकर खाणं, यासारखा दोघांच्याही वेळेचा नाश नाही.

त्याऐवजी हा क्रम धरा. उजवा इंडिकेटर लगेच लावा, अजून कडेला जायला जागा नसली तरीही. "मी तुला पाहिलंय" हे सांगणारी तेवढी एकच खूण तुमच्याकडे आहे, आणि ती दिसली की मागचा जरा अंतर ठेवतो. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्या. पुढे नजर टाकून जागा शोधा: रुंद, पक्का शोल्डर (रस्त्याकडेची मोकळी पट्टी), एखाद्याच्या ड्राइव्हवेचं तोंड, शेतात जाणारी वाट. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबू नका. तुम्ही थांबलात की तो तुम्हाला ओलांडायला डाव्या लेनमध्ये जाणार, आणि समोरून कोण येतंय ते दोघांनाही दिसणार नाही. दोनशे मीटर पुढे सरळ रस्ता असेल तर तिथवर त्याला मागे राहू द्या. तो समजून घेतो.

शोल्डर कच्चा असेल, पावसाने भुसभुशीत झाला असेल किंवा त्यावर बर्फाचा ढिगारा असेल, तर डांबर सोडू नका. उजवी चाकं कडेच्या पांढऱ्या रेषेलगत ठेवा, वेग ३०-४० वर आणा आणि त्याला ओलांडू द्या. हिवाळ्यात नाल्यात उतरलेली गाडी म्हणजे त्याच फायर डिपार्टमेंटला दुसरा कॉल.

तो गेला की लगेच रस्त्यावर येऊ नका. हे बहुतेक जण विसरतात. पेजर एकाच वेळी सगळ्यांचा वाजतो, त्यामुळे एका मागोमाग दोन-तीन गाड्या येतात, कधी अर्ध्या मिनिटाच्या अंतराने. आरसा बघा, डाव्या खांद्यावरून मागे वळून बघा, मगच निघा.

आणि भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्यांसाठी एक खास सूचना. घाबरल्या क्षणी हात डावीकडे जातो, कारण अंगवळणी तेच पडलेलं असतं. इथे डावीकडे जाणं म्हणजे नेमकं त्याच्या ओव्हरटेकच्या वाटेत जाणं. पहिले काही महिने तरी "कडेला म्हणजे उजवीकडे" हे मनात घोकून ठेवलेलं बरं.

बहुपदरी रस्ता आणि हायवे

सोपं आहे. डाव्या लेनमध्ये असाल तर उजवीकडे या. उजव्या लेनमध्ये असाल तर तिथेच राहा आणि थोडा वेग उतरवा, म्हणजे डावीकडच्यांना तुमच्या पुढेमागे शिरायला फट मिळते. हायवेवर व्हॉलंटियरच्या हिरव्या-निळ्या दिव्यासाठी शोल्डरवर थांबायची गरज नाही. तिथून पुन्हा वेग घेऊन आत शिरणं हीच मोठी जोखीम.

सिग्नल, स्टॉप साइन, राउंडअबाउट

लाल सिग्नलला तुम्ही पहिले आहात आणि मागे निळा दिवा चमकतोय. जागचे हलू नका. त्याच्यासाठी लाल सिग्नल ओलांडलात, तर पावती तुमच्या नावावर फाटेल आणि आडव्या रस्त्याने येणाऱ्याशी टक्कर झाली तर दोष तुमचाच. त्यालाही थांबायचंच आहे, आणि त्याला ते ठाऊक असतं. हिरवा झाला की सरळ पुढे जा आणि चौक ओलांडून उजवीकडे जागा करा. चौकाच्या मधोमध नाही.

फोर-वे स्टॉपला तुमची पाळी आली तरी क्षणभर थांबा आणि त्याला जाऊ द्या. फक्त हात हलवून "ये, ये" करू नका. हे सांगितलं की लोकांना राग येतो, पण कारण पक्कं आहे. तुम्ही हात हलवता तो तुमच्यापुरता. शेजारच्या लेनमधल्याला आणि डावीकडून येणाऱ्याला तुमचा हात दिसत नाही. त्यात भर म्हणजे काचेमागे ठेवलेल्या दिव्याचा उजेड समोरच्याच दिशेला जातो. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला ती निव्वळ एक पिकअप दिसते. तुमच्या हातावर विसंबून तो निघाला आणि बाजूने कुणी आलं, की झालं. नुसतं स्थिर उभं राहिलात तरी त्याला कळतं.

राउंडअबाउटमध्ये शिरला नसाल तर बाहेरच थांबा. आत असाल तर आत कधीच थांबू नका. तुमच्या एक्झिटने बाहेर पडा आणि मग उजवीकडे घ्या.

समोरून असा दिवा येताना दिसला आणि तुम्ही डावीकडे वळायच्या तयारीत आहात, तर थांबा, त्याला जाऊ द्या. सरळ जात असाल तर फक्त आपल्या लेनमध्ये उजवीकडे सरका. त्याला कदाचित तुमच्याकडच्या बाजूला येऊन एखादी गाडी ओलांडायची असेल.

स्कूल बस लाल दिवे लावून थांबली असेल, तर तो थांबतो, तुम्हीही थांबता. मुलं उतरत असताना यात सवलत नाही.

लोक नेमकं कुठे चुकतात

काही जण वाट देण्याऐवजी वेग वाढवतात, की आपण पुढे पळालो तर तो अडणार नाही. मग तो मागून आणि तुम्ही पुढून, दोघंही मर्यादेबाहेर. आणि वळण आलं की तुम्ही ब्रेक मारता. दुसरी जमात त्याच्या मागे चिकटून रिकाम्या झालेल्या वाटेचा फायदा घेणारी. ओंटारियोत चालू दिव्यांच्या बंबापासून १५० मीटर मागे राहण्याचा नियम आहे, न्यू जर्सीत ३०० फूट. हे नियम बंबासाठी लिहिलेले असले तरी हेच अंतर व्हॉलंटियरच्या गाडीमागेही ठेवा, कारण तो कधीही अचानक फायर हॉलकडे वळेल. तिसरे, फोन काढून चित्रण करणारे. त्यांच्याबद्दल काय लिहावं.

फायर हॉलच्या आसपास

हिरवा किंवा निळा दिवा दिसणं ही पूर्वसूचना असते. तो हॉलवर पोहोचला की थोड्याच वेळात लाल दिव्यांचा बंब त्याच रस्त्याने, बहुधा उलट दिशेने, बाहेर येतो. मघाशी सौजन्य होतं, आता कायदा आहे: उजव्या कडेला जा आणि पूर्ण थांबा. म्हणून हॉलच्या जवळपास व्हॉलंटियरची गाडी गेलेली पाहिलीत, तर पुढची दोन-चार मिनिटं कान उघडे ठेवा, गाण्याचा आवाज कमी करा.

हॉलसमोरच्या रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलं असेल तर बंबाच्या फाटकासमोरची जागा मोकळी सोडूनच थांबा, पुढची गाडी सरकली म्हणून तिथे जाऊन उभे राहू नका. आणि हॉलच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांसाठी म्हणूनही गाडी लावू नका. ती जागा रिकामी दिसते ती याचसाठी, की दहा जण एकदम येऊन वाटेल तशा गाड्या सोडून पळणार असतात.

घटनास्थळाजवळून जाताना

शोल्डरवर चार-पाच साध्या गाड्या वेड्यावाकड्या उभ्या, एक-दोघांचे दिवे अजून लुकलुकतायत. डिकी उघडून कुणीतरी एका पायावर उभं राहून जाड पँट चढवतंय. त्याची नजर धुराकडे आहे, तुमच्याकडे नाही. तो मागे एक पाऊल टाकेल आणि ते तुमच्या लेनमध्ये पडेल.

इथे मूव्ह ओव्हरचा कायदा लागू होतो. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत तो आहे. थांबलेल्या इमर्जन्सी वाहनाशेजारून जाताना वेग कमी करायचा आणि शक्य असेल तर एक लेन सोडून जायचं. न्यूयॉर्कने १ नोव्हेंबर २०१६ पासून यात निळ्या-हिरव्या दिव्यांच्या व्हॉलंटियर गाड्या घेतल्या, आणि मार्च २०२४ पासून रस्त्याकडेला थांबलेली कुठलीही गाडी. ओंटारियोत थांबलेल्या इमर्जन्सी वाहनाजवळ हे पाळलं नाही, तर पहिल्याच वेळी दंड ४०० ते २,००० डॉलर आणि ३ डिमेरिट पॉइंट. हिरव्या दिव्याच्या साध्या गाडीशेजारूनही तसेच जा.

रस्त्यावर आडवा होज (बंबाचा पाण्याचा पाइप) पडलेला असेल तर त्यावरून गाडी नेऊ नका, कुणी स्पष्ट सांगितल्याशिवाय. चाकाखाली दबला की पलीकडच्या टोकाला नोझल धरलेल्या माणसाचं पाणी तुटतं, आणि तो त्या वेळी आत, आगीसमोर असू शकतो.

व्हॉलंटियरच बेफाम चालवत असेल तर

असंही होतं, सगळेच संत नसतात. लाल सिग्नल तोडला, डबल यलो (रस्त्यामधली दुहेरी पिवळी रेषा) ओलांडून आंधळ्या वळणावर ओव्हरटेक केलं, तर त्याच्याशी स्पर्धा करू नका आणि मागे जाऊन जाबही विचारू नका. वेळ, रस्त्याचं नाव, गाडीचा रंग आणि नंबर लिहून ठेवा, मात्र गाडी थांबवल्यावर. मग त्या गावाच्या फायर डिपार्टमेंटच्या साध्या, बिगर-इमर्जन्सी नंबरवर चीफला कळवा. त्या वेळी कुठला कॉल होता आणि त्यावर कोण निघालं होतं याची नोंद त्यांच्याकडे असते, आणि न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी दिव्याची लेखी परवानगी चीफचीच असते. घडून गेलेल्या गोष्टीसाठी ९११ लावू नका. समोर आत्ता, याच क्षणी कुणाच्या जिवाला धोका असेल तरच.